भुरीचा मागचा अँकर

नोकरीत असताना किस्से कोणी सांगत नाही. तेव्हा ते अंगावर येत असतात आणि साहेबाच्या शिव्या खाण्यातच वेळ जातो. रिटायर होऊन घरी बसलं की त्याच शिव्या गोड लागायला लागतात! मग एक किस्सा निघाला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि चहा थंड होतो.

आमच्या वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही. तरी नौदलाच्या एकाच जहाजावर आम्ही तिघं इथले होतो, हा योगायोगच म्हणायचा. मी मधुकर, जऊळक्याचा, इंजिनरूममध्ये. गजानन रिसोडचा, स्वयंपाकी. आणि भीमराव शिरपूरचा, डेकवरचा खलाशी. आता गजाननचं रिसोडच्या स्टँडजवळ हॉटेल आहे. सोयाबीन विकायला आलो की आम्ही तिथं बसतो आणि सगळ्या गप्पा फिरून फिरून त्या जहाजावर येतात.

जहाज रणगाडे नेणारं होतं. बाकीची जहाजं किनाऱ्यापासून जपून राहतात, आमचं मुद्दाम वाळूत घुसायचं! घुसलं की नाकाचे दोन दरवाजे उघडायचे, लोखंडी रॅम्प खाली पडायचा आणि पोटातले रणगाडे धडधडत बाहेर. नौदलानं नाव चांगलं भारदस्त दिलं होतं. पण भीमरावनं तिचं नाव ठेवलं भुरी. रंग राखाडी, चाल म्हशीची आणि चिखल दिसला की बसलीच! पुढे सगळे तिला भुरीच म्हणायला लागले, पंजाबी अन् मल्याळी पोरंसुद्धा.

*

भीमराव पहिल्या सुट्टीवर घरी आला तेव्हा त्यानं आपल्या मायला हे सगळं समजावून सांगितलं. मायनं शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् रुतलं तं काढते कोन बाप्पा?"

भीमराव छाती काढून म्हणाला, "मीच!"

यात खोटं काही नव्हतं. किनाऱ्याला लागायच्या आधी, बरंच अलीकडे, जहाजाच्या मागच्या बाजूचा अँकर पाण्यात सोडतात. त्याची जाड वायर सोडत सोडत जहाज पुढे जातं आणि वाळूत बसतं. काम झालं की तीच वायर विंचच्या रिळावर गुंडाळत ओढायची आणि इंजिन उलटं फिरवायचं, की जहाज मागे सरकून पाण्यात येतं. त्या विंचवर भीमराव असायचा. परत यायची सोय केल्याशिवाय भुरी कधी किनाऱ्याला लागली नाही.

माय पुढे गावभर सांगत फिरली, "सरकारचं जहाज रुतलं का माह्या भीम्यालेच बलावतात!"

*

भुरीचं बूड सपाट. वाळूवर बसायला ते बरं, पण खोल समुद्रात जरा लाटा आल्या की ती अशी डोलायची की गजाननला वरणाचं पातेलं मांडीत धरून फोडणी द्यावी लागायची. आम्हाला सवय होती. हाल व्हायचे ते रणगाड्यांबरोबर आलेल्या जवानांचे.

एकदा असाच एक भला दांडगा मिशाळ सरदारजी सकाळपासून दिसेना. शोधाशोध झाली. शेवटी तो खाली, साखळदंडांनी बांधलेल्या आपल्या रणगाड्याच्या आत झाकण लावून बसलेला सापडला. गजानननं वरून टकटक केली. "पाजी, अंदर क्या कर रहे हो?"

आतून आवाज आला, "मरना ही है तो अपनी गाड़ी में मरूँगा!"

*

एक तरुण ऑफिसर दुसऱ्या कुठल्यातरी चकचकीत लढाऊ जहाजावरून बदलून आला. तिथं जहाज वाळूला लागलं तर कॅप्टनची नोकरी जाते. पहिल्याच सरावात हा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत उभा, समोर किनारा जवळ यायला लागला आणि पोराचा धीर सुटला. "फुल अस्टर्न!", म्हणजे पूर्ण जोरानं मागे, असा ओरडला की खाली इंजिनरूममध्ये फोन हातात धरून मी दचकलो. पाठोपाठ कॅप्टनसाहेबांचा शांत आवाज आला, "जैसे जा रहे हो, जाते रहो."

भुरी वाळूत बसली. रॅम्प पडला. साहेबांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, इस जहाज पर मेरी नौकरी तब जाएगी जब ये ज़मीन पर नहीं चढ़ेगा!"

*

आता हा किस्सा हसायचा नाही, पण आमच्यात तो सांगितल्याशिवाय बैठक उठत नाही.

एका बेटावर मोठं वादळ झालं. जेटी वाहून गेली होती, दुसरं जहाज जवळ जाऊ शकत नव्हतं. आम्ही गेलो. भुरीनं नाक वाळूत घातलं, दरवाजे उघडले आणि माणसं रॅम्पवरून आत यायला लागली. भरती उतरायच्या आत निघायचं होतं. सगळी आली, फक्त एक म्हातारी बकरीचं दावं धरून रॅम्पच्या तोंडाशी उभी. पुढे येईना. ऑफिसरनं सांगून पाहिलं, हात जोडले, उपयोग नाही. तिचं एकच, "वापस कौन लाएगा?"

भीमरावला मागच्या विंचवरून बोलावलं. त्यानं काय करावं? एका हातात बकरी घेतली, दुसऱ्या हातानं म्हातारीला धरलं आणि सगळं जहाज ओलांडून तिला थेट मागे घेऊन गेला. ताणलेली वायर दाखवली. म्हणाला, "माँजी, ये देखो दोर. जो जहाज जाने के पहले वापस आने का बंदोबस्त करता, वो तुमको छोड़ेगा क्या?"

म्हातारी तिथंच वायरजवळ खाली बसली. मग भीमरावनं विंच सुरू केला.

पुढे पाणी ओसरलं, तंबू लागले आणि त्या लोकांना परत आम्हीच नेऊन सोडलं. उतरताना म्हातारीनं भीमरावला एक नारळ दिला. त्याची करवंटी आजही शिरपूरच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी आहे. कोणी हात लावलेला त्याला चालत नाही.

*

रिटायर झाल्यावर भीमरावनं ट्रॅक्टर घेतला. पाऊस होऊन गेलेला, वावर गच्च ओलं. कोणीही आपला ट्रॅक्टर सरळ आत घालतो. हा आधी बांधावरच्या बाभळीला वायर बांधायचा, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागे अडकवायचा आणि मग वावरात उतरायचा! लोक रस्त्यावरून ओरडायचे, "भीमाकाका, टॅक्टर पयून चाल्ला का?"

एकदा मी त्याच्या बायकोला, शांतावहिनींना म्हटलं, "वहिनी, याची नौदलाची सवय काही सुटली नाही."

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, आमचं लगन त्या आंधी झालं. नाही तं मांडवातबी मांगून दोर बांधूनच उभे राह्यले असते!"

*

मग एक दिवस फोन आला. भुरीची सेवा संपली. सूर्यास्ताला झेंडा शेवटचा उतरणार, जुन्या लोकांनी यावं. भीमरावनं पांढरा शर्ट कडक इस्त्री केला आणि अर्ध्या शिरपूरला सांगून झालं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींच्या पोटात कळ उठली. वाशिमच्या दवाखान्यात नेलं, तर लगेच ऑपरेशन. भीमराव तिथंच राहिला. गेलो ते मी आणि गजानन.

आल्यावर मी मोबाईलवरचा व्हिडिओ त्याच्यापुढे धरला. त्यानं मान फिरवली. "ठेव तो खिशात. मले तिले डोयानं पाह्यचं हाय. एकदाच."

"आता कुठं पाहतोस लेका? झेंडा उतरला."

"जहाज तं हाय ना!"

त्यानंतर बैठकीत तो गप्प असायचा. किस्से आम्ही दोघं सांगायचो, आणि त्याच्याशिवाय ते नीट जमायचे नाहीत. वहिनी हिंडत्या-फिरत्या झाल्या तेव्हा बातमी आली, की भुरी भंगारात गेली. गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला नेणार. मला वाटलं, भीमरावला सांगूच नये. पण वहिनींनीच त्याची पिशवी भरली. मला म्हणाल्या, "माह्यापायी राह्यलं होतं त्याहिचं. घेऊन जा भाऊजी. कापाच्या आंधी."

*

जऊळक्याला गाडी धरली, अकोल्याला बदलली. भीमरावनं तोच पांढरा शर्ट घातला होता. रस्ताभर गजानन बडबडत होता, हा खिडकीबाहेर पाहत होता.

यार्डाच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. आत जाता येत नाही म्हणाला. गजानननं घरून आणलेला चिवडा त्याच्यापुढे ठेवला, आमची तिघांची ओळख सांगितली. मग तो आम्हाला बाजूच्या मातीच्या ढिगावर घेऊन गेला.

आणि भुरी दिसली. कालच्या मोठ्या भरतीला आणली होती. रंग उडालेला, नंबर पुसलेला, पण तीच. नाक वाळूत घालून, नेहमीसारखी बसलेली. जरा वेळानं दरवाजे उघडतील, रॅम्प पडेल, असंच वाटलं. मला रडू आलं. गजानननं टोपी काढली.

भीमराव तिच्या पुढच्या बाजूकडे बघतच नव्हता. तो मान उंच करून मागे, पाण्याच्या अंगाला काहीतरी शोधत होता. बराच वेळ. मग त्यानं वॉचमनला विचारलं, "पीछे का अँकर डाला था क्या?"

वॉचमन हसला. "चाचा, अब इसको वापस कहाँ जाना है?"

भीमराव माझ्याकडे वळला.

"आपल्याले माहीत हाय रे मध्या," तो म्हणाला. "तिले सांगतलं का कोनी?"