दोन पहारेकरी

ढोकेकाका विजेचं मीटर वाचायला यायचे आणि जाताना कोडं ठेवून जायचे. आकडे टिपून झाले की खिशातून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी काढत. उत्तर पुढच्या फेरीला. मी पायरीवरच डोकं खाजवू लागले की म्हणत, "घाई काहून करून राहिली वं? महिना पडला आहे."

धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांनी घराघराला नादी लावलं होतं. नऊ ठिपके चार सरळ रेषांनी, हात न उचलता जोडायचे, यात आईची पोळी करपली. तिने जाब विचारला तर काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, चौकोनाच्या बाहेर पेन्सिल नेऊ नका, असं मी म्हटलं होतं काय?" खोटं मात्र त्यांना मुळीच जमत नसे. म्हणायचे, "त्याले दोन डोके लागते. आपल्यापाशी एकच आहे."

निवृत्तीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. मी तेव्हा धंतोलीत एका लॅबमध्ये कामाला होते. त्यांचा रिपोर्ट आधी माझ्याच हाती आला. दवाखान्याच्या जिन्यात मी तो काकूंना सांगितला, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "त्याहिले सांगजो नको पोरी. माही शपथ आहे तुले."

खोलीत गेले तर काका उशीला टेकून बसलेले. रिपोर्टचं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "एक कोडं आहे. दोन पहारेकरी. एक कायम खरं बोलते, एक कायम खोटं. कोण कसा, माहीत नाही. समज, तू आन तुही काकू. आता मी तुले इचारतो, रिपोर्ट कसा आहे म्हणून काकूले इचारलं, तर थे काय म्हणन?"

इतक्या वर्षांची सवय. मी पटकन म्हणाले, "चांगला आहे म्हणतील."

"म्हणजे उलट घ्याचं," काका म्हणाले. "कोणीही खोटं बोलो, उत्तर उलटच निघते."

शपथ मोडली नव्हती, आणि सगळं सांगून झालं होतं. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मले समजलं, हे तिले सांगू नको."

पुढचा दीड महिना हा माणूस काकूंशी रोज खोटं बोलला. बरा झालो की रामटेकले जाऊ, नवा स्वेटर घेऊ. बोलताना नजर खिडकीकडे असायची. मला ते बघवत नसे.

तेराव्याला काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. "शेवटपर्यंत त्याहिले काहीच समजलं नाही. एवढं तरी देवानं बरं केलं, नाही वं?"

"हो काकू," मी म्हणाले.