घराबाहेर न बोलणारी मुलगी

आमची मुलगी घरात अखंड बोलायची. मी पोळ्या लाटत असले की माझ्याशी, अंघोळ करताना बादलीशी, कधीकधी झोपेतही. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंड मिटायचं. आम्ही मंडईच्या मागे भाड्याने राहतो. कोपऱ्यावरचा नारळवाला रोज तिला नाव विचारायचा आणि ती रोज माझ्या ओढणीत तोंड लपवायची. पाच वर्षं आम्ही याला लाजरेपणा म्हणत आलो. पहिलीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले, तसा त्याच लाजरेपणाचा आम्हाला घोर लागला.

माझा नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आहे. तो महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला. साहेबांसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की अजूनही त्याला घाम फुटतो. त्यामुळे मुलगी मोठ्या खासगी इंग्रजी शाळेत जाणार, हे त्याने ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. मी नागपूरची, तशाच शाळेत शिकलेली. मधल्या सुट्टीत मराठी बोलले म्हणून वर्गाबाहेर उभी राहिलेली. मला परीक्षा नसलेली, घंटा नसलेली, झाडाखालची शाळा हवी होती.

आधी त्याच्या पसंतीची शाळा पाहिली. गारेगार खोलीत एका मॅडमनी सफरचंद पुढे धरून इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? मुलीने सफरचंदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. मॅडम हसून म्हणाल्या, "थोडं मोकळं करा तिला. मग बघू."

परतताना स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये बसून ती बोलतच होती. "आई, ते सफरचंद प्लॅस्टिकचं होतं. त्याचं देठ हिरवंगार होतं. खऱ्याचं तपकिरी असतं ना?" नवरा मोठ्याने हसला. पुढच्या सिग्नलला मी पाहिलं, तर तो डोळे पुसत होता.

मग माझ्या पसंतीची शाळा. कात्रजच्याही पुढे, टेकडीच्या उतारावर. मुलं खिळे ठोकत होती, एक शेळी मोकळी फिरत होती. मी तर प्रेमातच पडले. मुलगीही चिखलात रमली. पण नंतर सगळे गोल करून बसले आणि आज कसं वाटतंय, ते प्रत्येकाने सांगायचं ठरलं. तिची पाळी आली. सगळे थांबले. तिथल्या ताई म्हणाल्या, "वेळ घे बाळा, आम्ही थांबतो." आणि खरोखरच थांबले, इतक्या मायेने की तिने गुडघ्यांत डोकं खुपसलं.

घरी आल्यावर आम्ही भांडलो.

"तू शाळा तिच्यासाठी शोधत नाहीयेस, स्वतःसाठी शोधतेयस," तो म्हणाला.

"आणि तू?"

दारातून बारीक आवाज आला, "मला कुणीच शाळेत घेणार नाही का?"

मी तिला उचलून घेतलं. त्याने आम्हा दोघींनाही जवळ घेतलं. त्या दिवशी शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही.

खालच्या मजल्यावर एक मुस्लिम कुटुंब राहतं, पिढ्यान् पिढ्या याच पेठेत. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची मुलगी जवळच्याच महापालिका शाळेत तिसरीला होती आणि माझ्या मुलीचा तिच्यावर फार जीव. तिची आई मला म्हणाली, "ताई, उद्या माझ्या पोरीबरोबर पाठवा. नुसती पहिलीत बसून येईल. बाईंना मी विचारते."

मी सोबत गेले आणि खिडकीबाहेर उभी राहिले. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेला.

"आपण कोण?" त्यांनी माझ्या मुलीला विचारलं.

"बाई, ती बोलत नाही," मैत्रिणीने दारातून सांगितलं.

"बरंच आहे. हे बाकीचे बोलतात तेवढं पुरे आहे मला." त्यांनी तिच्या हातात खडूंचा डबा दिला. "एकेक वाट. तू पण घे." आणि त्या फळ्याकडे वळल्या. तिने बोलावं म्हणून कुणी थांबलं नाही. ती खडू वाटत गेली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचली तेव्हा हसत होती.

नवऱ्याला पटवणं सोपं नव्हतं. "मी तिथूनच आलोय. तिथे काय काय नसतं ते मला विचार," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. शेवटी एक वर्ष बघू, यावर आम्ही थांबलो.

दिवाळीनंतर एका दुपारी मी घरून काम करत असताना बाईंचा फोन आला.

"तुमची मुलगी आज ओरडली."

"कुणावर?"

"माझ्यावर. फळ्यावर बेरीज चुकली, तर 'बाई, चुकलं!' म्हणून ओरडली. आवाज चांगला खणखणीत आहे. आता बंद कसा करायचा, ते तुम्ही सांगा."

"बाई, तुम्ही मुद्दाम चुकवलीत का?"

"मला कामं आहेत," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

कारखान्यात फोन आत नेता येत नाही, म्हणून नवऱ्याला संध्याकाळी दारातच सांगितलं. तो चपला न काढताच तिच्यासमोर बसला. "कसं ओरडलीस? दाखव."

तिने दाखवलं. खालून मैत्रिणीची आई कणकेच्या हातांनी धावत वर आली, काय झालं म्हणून. आम्हाला दोघांनाही सांगता येईना. मुलीनेच तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

आता मुलगी तिसरीत आहे. बाईंची बदली झाली. नव्या बाईंचं तिला फारसं पटत नाही आणि तसं ती त्यांना सांगतेही. पाचवीला कुठे घालायचं, यावर आमचं एकमत झालेलं नाही. परवा मी विषय काढला, तर नवरा म्हणाला, "आज नको," आणि माझ्याशेजारी बसून मेथी निवडू लागला.