काळ्या राखेचा डोस

काँक्रीट प्लांटच्या केबिनमध्ये बसून मिश्रण करणाऱ्या बाईंना सगळे फेसवाल्या बाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत. थंडीत पाणी गोठून काँक्रीट फुटू नये म्हणून त्यात बारीक बुडबुडे हवे असतात. ते धरणारं औषध किती घालायचं, हे बाईंचं काम. सिमेंटच्या जोडीला वीजकेंद्राची राख पडते, आणि तिच्यात न जळलेला कोळसा उरला असला की तो हे औषध पिऊन टाकतो. म्हणून राख काळी दिसली की बाई डोस वाढवत. चिमूटभर राख बोटांत चोळायची, नाक मुरडायचं, आकडा सांगायचा. पुढे काँक्रीटमधली हवा मोजणारा मीटरही बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर ठरवी. या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता, आणि का नसावा?

त्यांची सून त्याच कंपनीत तपासनीस म्हणून लागली, तेव्हा ड्रायव्हर मंडळींनी तमाशा बघायला जागा धरून ठेवल्या.

मग राखेतच मिसळून येणारं नवं रसायन आलं. ते परस्पर कोळशाचं तोंड बंद करतं, त्यामुळे औषध वाढवायची गरजच नाही. बाईंना हे नीट समजावलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. पण त्या सकाळी राख काजळासारखी काळी आली, आणि सवयीचा हात डोस वाढवून मोकळा झाला.

त्या काँक्रीटची गाडी पादचारी पुलाच्या कामावर पोचली. तिथे सुनेनं बुडबुड्यांतली हवा मोजली आणि बाईंना फोन लावला.

"आई, हवा जवळजवळ दुप्पट आहे. असं काँक्रीट वजन पेलणार नाही. गाडी परत पाठवतेय."

केबिनमध्ये बाईंचा फोन स्पीकरवर होता, मुकादम कान टवकारून शेजारीच उभा. मीटर बिघडलाय एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. कालच्या पोरीपुढे सगळ्यांनी त्यांचाच शब्द खरा मानला असता, आणि ते काँक्रीट पुलात गेलं असतं.

"पाठव," त्या म्हणाल्या. "राख काळी बघून मीच वाढवलं. तुझा मीटर बरोबर आहे."

बाईंना ते फार झोंबलं होतं. रात्री जेवताना मुलानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काय झालंय म्हणून विचारलं.

"हिनं आज माझी गाडी परत पाठवली," बाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "काय गं, माझी भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर तीनदा मोजली."

बाईंना हसू आलं, डोळेही भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "अशीच घाबरत जा."