बांधाकडं रेटलेला बैल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीत बास्केटबॉल खेळताना माझा वेग असा, की माझी सावली अर्ध्या वाटेत दम खायला बसायची. इंदापूरशी झालेल्या एका सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत जिंकायला एकच बास्केट हवी होती. मला अडवायला त्यांचा सगळ्यांत वयस्कर, संथ, पोट सुटलेला, दमलेला गडी उभा. चेंडूकडं तो बघेचना. माझ्या कमरेवर नजर ठेवून, हातभर अंतर राखत नुसता सरकत राहिला, आणि सरकत सरकत त्यानं मला कडेच्या रेघेबाहेर घातलं. शिट्टी वाजली. सामना गेला.

"आबा, तुमी तर पळालाच न्हाय!" मी चिडलो.

"बैलामागं पळायचं नसतं, बाळा. बांधाकडं रेटला की त्यो आपसूक थांबतो." एवढं बोलून तो तिथंच बसला. "आता उठीव मला. गुडघं संपलं."

सबंध सामन्यात लागला नाही तेवढा दम मला त्याला उठवताना लागला.