नळीले तोंड कोण लावते

"थांब. तिला तोंड लावू नको."

सरांनी पोराच्या हातातून नळी घेतली. माझी नळी. तिचं टोक आत्ताच माझ्या तोंडात होतं. सरांनी बाटलीतलं पाणी त्या टोकावर ओतलं, रुमालानं पुसलं, अन् नळी गुंडाळून बाजूले ठेवून दिली. बारा पोरं पाहून राह्यली होती. त्यातली एक माझी नात.

मी गवंडी. वर्ग तिसरा शिकलो, मंग बापामागं दगडावर गेलो. पातळी पाह्याले आमच्यापाशी एक पारदर्शक नळी राह्यते. एक टोक पाण्यात टाकायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं. नळी भरली की दोघं दोन टोकं धरून उभे राह्यतात. दोन्हीकडलं पाणी एका रेघेत येते. तिथं खूण करायची. माझी नळी आजवर चुकली नाही.

यंदा शाळेत नवीन निघालं. नववीच्या पोरायनं पुस्तकाबाहेर जाऊन काम शिकायचं. काही पोरं लोहारा गावच्या कारखान्यात गेली, काही बँकेत. बारा माझ्याकडं. आमचं घर गावाच्या टोकाले, बौद्धायच्या वस्तीत. तिथं हेडमास्तर स्वतः आले. "बाबाजी, तुमच्यासारखा हात तालुक्यात नाही. पंधरा दिवस शिकवा. शेवटी मुलांच्या कार्डावर तुमचीच सही लागेल."

माझी सही. मी फुगलो, खोटं कायले बोलू. बोरी अरबच्या बाजारातून नवा माठ आणला, दारात ठेवला, वर नवा गिलास. पोरं आपापल्या बाटल्या घेऊन अंगणात आली, संगं त्यायचे सर. संध्याकाळी माठ होता तसाच भरलेला.

नळीचं झालं तेव्हा मी सराले विचारलं, "काहून?"

"तसं काही नाही, बाबाजी. उष्टं ना ते. कोणाचं पोट बिघडलं तर पालक मला धरतील."

पटलं मले. पटवून घेतलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सर नवी नळी घेऊन आले. शाळेची. तिले पोरायनं एकामागून एक तोंड लावलं. हसत, एकमेकायले ढकलत. "अबे, माह्यासाठी ठेव, सारीच पिऊन टाकतं का?" उष्ट्याचं कोणाले काही नाही. माझ्या नातीचा नंबर आला तसे सर म्हणाले, "पुरे, भरली."

तेव्हा समजलं. समजलं तरी हातातली थापी चालूच. मी पहिल्यापासून असाच. बापासंगं विहिरी बांधल्या. काम चाले तोवर आम्ही आत उभं राहून ओंजळीनं तेच पाणी प्यायचो. मंग मालक नारळ फोडे, पूजा होये, अन् त्या दिवसापासून आम्ही काठावर चढायचं नाही. आम्हीच बसवलेल्या दगडावर. बापानं बुद्धाची दीक्षा घेतली, पूजेले हात जोडणं सोडलं. पण काठावर चढला नाही. मीही नाही चढलो.

दहाव्या दिवशी ऊन लई होतं. पाटलाच्या पोरीची बाटली सरली. ती माझ्या नातीपाशी आली. "दे ना गं, एक घोट." नातीनं बाटली दिली. नात माझ्याच घरी राह्यते. बाटली रोज सकाळी त्याच माठातून भरते. पोरगी अर्धी बाटली प्यायली अन् थांबली.

"कुठलं पाणी गं हे?"

नात म्हणाली, "चौकातल्या फिल्टरचं."

मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. हातातली वीट मले लावता येईना, खाली ठेवता येईना.

संध्याकाळी विचारलं, "घरचं आहे म्हणाली असती तर काय झालं असतं?"

"आबाजी, तुमचे पंधराच दिवस आहेत. मले त्यायच्यातच बसून दहावी काढायची आहे."



शेवटच्या दिवशी हेडमास्तर आले, सर आले, मोबाईलवर फोटो निघाले. बारा कार्डं माझ्यापुढं ठेवली. मी खुंटीवरची माझी नळी काढली. एक टोक माठात सोडलं, दुसरं तोंडात धरून पाणी ओढलं. मंग रिकामी केली.

"आता तुम्ही भरा. जो भरेल त्याच्या कार्डावर सही."

कोणी हललं नाही. हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाबाजी, मुलांच्या गुणांचा प्रश्न आहे. तुमची नातही आहे यांच्यात."

"म्हणून तर तिलेही सांगून राह्यलो."

नात रांगेत शेवटी होती. मी नळी तिच्यापुढं धरली. धरूनच राह्यलो, हात भरून येईपर्यंत. तिनं मान खाली घातली.

बाराही कार्डं कोरी परत दिली.

दोन दिवसांनी कळलं, दुसऱ्या कोण्या ठेकेदारानं सह्या केल्या. सगळे पास. नातही पास. माझ्या सहीवाचून कोणाचं काही अडलं नाही. नात माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते, जाते. माठातलं पाणी आम्ही दोघंच पितो, वेगवेगळ्या वेळी.

हेडमास्तरांचा निरोप आला, पुढच्या साली तरी समजून घ्या. मी उलट निरोप धाडला. पाठवा पोरं. पहिल्या दिवशी पहिलं काम नळीचं, माझ्या तोंडामागून. जो लावणार नाही त्यानं थापीले हात लावायचा नाही. एकही टिकला नाही तरी चालेल. रिकाम्या अंगणात बसीन.

नात माझ्याकडून नापास आहे. उद्या ती कलेक्टर झाली तरी नापास. सही पाह्यजे असेल तर नळी खुंटीवर आहे. टोक मी धुतलं नाही. धुणार नाही.