कडूबांनी पास न केलेली गाडी

राजूर घाटात आपटलेली आमच्या घरची गाडी कडूबा हिवाळे यांनी पास केली होती, हे धडधडीत खोटं आहे. बारा वर्षं झाली तरी चिखलीत आणि उंद्रीत लोक हे अजून बोलतात. परवा मी कोण हे माहीत नसलेल्या एका गृहस्थांनी मलाच ते ऐकवलं. म्हणाले, "मेकॅनिक चांगला होता, पण त्या एका गाडीत फसला." कडूबा श्रावणात गेले, त्यामुळे उलटून बोलायला ते आता नाहीत. मी मात्र त्या दिवशी तिथे हजर होते, आणि संध्याकाळी चिखलीला माझ्या घरी आल्यावर जे लिहिलं ते या क्षणी माझ्यासमोर उघडं आहे. तारीख ९ ऑक्टोबर १९६७, सोमवार.

कडूबा मूळचे धामणगाव बढ्याचे. वडिलांच्या वाट्याला गावकीची कामं होती. कडूबा लढाईच्या काळात वय वाढवून सांगून लष्करात भरती झाले आणि जबलपूरच्या वर्कशॉपमध्ये ट्रक खोलायला अन् जोडायला शिकले. सेहेचाळीस साली परत आले तेव्हा गावाला वाटत होतं की या पोरानं आता मुकाट्यानं बापाच्या कामाला लागावं. ते दुसऱ्याच दिवशी चिखलीला निघून आले. आधी एका खाजगी मोटर सर्व्हिसमध्ये नोकरी केली, मग खामगाव नाक्यावर स्वतःची टिनाची शेड टाकली. छप्पन साली बौद्ध झाले. शेडमध्ये बुद्धाचा एक लहानसा फोटो होता आणि त्याच्याखाली नट खोलायचे पाने मापानुसार ओळीनं टांगलेले असायचे. घासलेट आणि साबणानं हात धुतल्याशिवाय ते कोणाशी व्यवहाराचं बोलत नसत.

त्या काळी नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. त्यामुळे जुन्या गाडीला भाव यायचा आणि जुन्या गाडीत लोक फसायचेही. देऊळगाव राजापासून संग्रामपूरपर्यंतचे लोक गाडी घेण्याआधी कडूबांना न्यायचे. मोटारीचं नाव ते शेवटी काढायचे, पहिले प्रश्न घराचे असायचे. "घरात मानसं किती? म्हातारं कोनी हाय काय? घरापासून डांबर किती दूर हाय?" चार माणसं आणि डांबरी रस्ता असेल तर फियाट घ्या म्हणायचे, पेट्रोल कमी पिते आणि गल्लीत वळते. सहा माणसं, बैलगाडीची वाट आणि मागे एखादं पोतं टाकायचं असेल तर अँबॅसडर. नवी गाडी असली तरी तपासल्याशिवाय ताब्यात घेऊ नका, असंही सांगायचे.

जुन्या गाडीचं बॉनेट ते आधी कधी उघडत नसत. "ते धुऊन पुसूनच ठेवेल असते," म्हणायचे, "पाहुने येनार म्हनून सारवलेल्या घरासारखं." आधी चारही दारं उघडून लावायचे आणि आवाज ऐकायचे. मग पायाखालची चटई उचलायचे. मग रस्त्यावर बादलीभर पाणी ओतून गाडी त्यातून सरळ पुढे काढायला लावायचे आणि कोरड्या जमिनीवर उमटलेल्या ओल्या चाकोऱ्या वाकून पाहायचे. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग सारख्या अंतरानं गेली नसतील तर गाडी कुठेतरी ठोकलेली आहे. शेवटी घरची माणसं मागे बसवून स्वतः चालवायचे, चढावर, उतारावर, आणि ब्रेक लावताना स्टेअरिंगवरचा हात किंचित सैल सोडायचे. तोवर तोंडातून हो नाही, नाहीही नाही. हा त्यांचा नियम सगळ्या तालुक्याला माहीत होता. आमच्या घरालाही माहीत होता. म्हणूनच मला चीड येते.

माझे धाकटे दीर उत्तमराव यांना त्या वर्षी दसऱ्याला दारात गाडी हवी होती. भावकीत दुसऱ्या घरी जीप आली होती, एवढंच कारण. खामगावच्या वामनराव नावाच्या दलालानं एक अँबॅसडर उंद्रीला आणून उभी केली. नवा रंग, नव्या गाद्या. वाड्यासमोर माणसं जमली, कडूबांनाही बोलावणं गेलं होतं. मी विधवा, त्यामुळे पूजेच्या तयारीपासून मला लांब, भिंतीकडे उभं राहायला सांगितलं होतं. कडूबाही तिकडेच उभे होते, त्यामुळे एकूण एक शब्द मी ऐकला.

उत्तमराव म्हणाले, "पाहून घे बे कडूबा. एक नंबर माल हाय."

"पाह्यतो पाटील. चाबी द्या."

"चाबी काऊन लागते? बह्यरून पाह्य."

"बह्यरून रंग दिसते. रंग चांगला हाय."

लोक हसले. उत्तमरावांना ते आवडलं नाही. "पूजा व्हाची हाय अजून. पूजेच्या आंधी गाडीत कोनी बसत नसते."

"पूजेच्या आंधीच तं पाहा लागते, पाटील. पूजा झाल्यावर वामनराव वापस घेतीन काय?"

वामनराव स्वतः ती गाडी खामगावहून चालवत घेऊन आला होता. तो काय टपावर बसून आला होता? त्याचा ड्रायव्हर त्या वेळीसुद्धा पुढच्या सीटवर पाय सोडून पान खात बसला होता. पूजेचं निमित्त फक्त एका माणसासाठी होतं. हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि प्रत्येकजण गाडीच्या रंगाकडे पाहत होता. मीही काही बोलले नाही.

बोलली ती एकटी अन्नपूर्णा, उत्तमरावांची बायको. दारातून म्हणाली, "बसू द्या न त्याइले. मले त्याच गाडीत बसा लागन."

"तू आत पाह्य," उत्तमराव म्हणाले.

कडूबांनी मग बाहेरून जेवढं पाहता येतं तेवढं पाहिलं. विहिरीचं पाणी ओतलं, वामनरावाला गाडी पुढे घ्यायला लावली, आणि उकिडवं बसून बराच वेळ त्या चाकोऱ्या पाहत राहिले. उठले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "गाडी एका अंगानं चालते. कुठंतरी जोरात ठोकेल हाय. किती वाकली ते चालवल्याबिगर समजत नाही, अन् चालवल्याबिगर मी हो म्हनत नाही."

वामनराव लगेच म्हणाला, "पन नाही बी तं नाही म्हनला न?"

एवढं पुरे झालं. संध्याकाळी भावकीत सांगण्यात आलं की कडूबानं पाहिली, नाही म्हणाला नाही. दसऱ्याला हार घालताना ते झालं, कडूबानं पाहिली. आणि दिवाळीपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं की कडूबानं पास केली. ज्यांनी त्यांना सीटवर टेकू दिलं नाही, त्यांनीच त्यांचं नाव गाडीला हारासारखं बांधलं.

३ डिसेंबरला उत्तमराव अन्नपूर्णेला घेऊन धामणगाव बढ्याला लग्नाला निघाले. राजूर घाटाच्या एका वळणावर समोरून ट्रक आला, ब्रेक दाबला, गाडी एका बाजूला ओढली गेली आणि कठड्यावर आदळली. उत्तमरावांना खरचटलं. अन्नपूर्णेचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. तो पुढे कधीच सरळ झाला नाही. ती आजही डाव्या हातानं भाकरी थापते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला उत्तमराव एकच वाक्य सांगत होते, "कडूबानं पास केली होती हो." मी तिथेच बाकावर बसले होते. वामनरावाचं नाव कोणी काढलं नाही. कापसाचीही दलाली करणाऱ्या खामगावच्या व्यापाऱ्याशी वाकडं घेतलं तर पुढल्या हंगामात अडचण. नाक्यावरच्या मेकॅनिकशी वाकडं घ्यायला काय लागतं?

दोन महिन्यांत शेडसमोरची वर्दळ आटली. लोक खामगावला, बुलढाण्याला गाड्या दाखवू लागले. कडूबा सायकलींची पंक्चर काढताना दिसू लागले. त्यांची बायको तानुबाई पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. कडूबांनी कोणाच्या दारात जाऊन खुलासा केला नाही. कोणी तोंडावर विचारलं तर एवढंच सांगत, "मी त्या गाडीत बसलोच नाही." यावर लोक हसत. बसल्याशिवाय पास केली, असा त्याचा अर्थ काढत.

मी हे सगळं पाहत होते आणि गप्प होते. आत्ता वेळ नाही, अन्नपूर्णा आजारी आहे, घरातली गोष्ट आहे. साडेतीन महिने मी ही वाक्यं स्वतःला ऐकवली. दुसऱ्यांवर संतापून लिहिताना हेही लिहायला हवं. खोटं बोलणारा एक होता. खरं माहीत असून गप्प बसणारे वीस होतो, आणि त्यातली शिकलेली, शाळेत शिकवणारी मी.

मार्चमध्ये शेवटी शेडवर गेले. त्या दिवशीची नोंद एका कोऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून, खाली सही करून नेली होती. कडूबांनी हात धुतले, कागद घेतला, सगळा वाचला आणि परत दिला.

"बाई, यात एक अक्षर चूक नाही. पन मले काय कामाचं?"

"तुम्ही कोणालाही दाखवू शकता."

"लोकाईनं कागद वाचून मले खोटं नाही ठरवलं. पाटलाच्या तोंडून ऐकून ठरवलं. तुमाले सांगाचं असन तं तोंडानं सांगा. अन् इथं नोका सांगू, मले मालूम हाय. तिथं सांगा."

पाडव्याला उंद्रीच्या वाड्यात भावकी जेवायला जमली होती. मी उभी राहिले आणि ती नोंद पहिल्या शब्दापासून वाचून दाखवली. उत्तमराव मध्येच म्हणाले, "वैनी, पोरीले शिकवता तसं आमाले शिकवू नोका." मी वाचत राहिले. वाचून झाल्यावर आतून अन्नपूर्णेचा आवाज आला, "खरं हाय ते. मी बी होती तिथं."

"झालं ते झालं," कोणीतरी म्हणालं, आणि पंगत पुढे चालू झाली. त्या अंगणाबाहेर अन्नपूर्णेचं ते वाक्य कोणी नेलं नाही. खोटं दहा दिवसांत घाट ओलांडून गेलं होतं.

त्याच उन्हाळ्यात उंद्रीच्या जिनिंगचे जुने मॅनेजर भाऊराव आपली फियाट विकणार असल्याचं कळलं. नवऱ्याच्या वाट्याची शेती मी पाहत होते, चिखलीहून जाण्यायेण्यात दिवस मोडायचा. मला गाडी खरोखरच हवी होती. मी पुन्हा शेडवर गेले.

कडूबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "घ्याची हाय, का मले मिरवाले नेता? मिरवाले नेत असान तं मी येत नाही."

"घ्यायची आहे."

"मंग चाबी पह्यले माह्या हातात. बोलनं मंग."

बाजाराचा दिवस होता. भाऊरावांनी किल्ली दिली, जरा का-कू करत. कडूबांनी दारं, चटई, पाणी, सगळं नेहमीच्या क्रमानं केलं. मग स्टेअरिंगवर बसले आणि म्हणाले, "मागं दोन मानसं तरी पाह्यजे. रिकामी गाडी खोटं बोलते."

एक मी. दुसरं कोण? बघ्यांपैकी कोणी पुढे येईना. मी वाड्यात जाऊन अन्नपूर्णेला म्हणाले, "येतेस का?" तिनं कोणाला विचारलं नाही. डोक्यावरचा पदर डाव्या हातानं सारखा केला आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

गाडी बाजारातून निघाली. मिरचीची, बांगड्यांची दुकानं मागे सरकत होती आणि लोक हातातला माल तसाच धरून आत पाहत होते. पारावर उत्तमराव चारचौघांत बसले होते. त्यांना आपली बायको दिसली आणि चालवणाराही दिसला. ते अर्धवट उठले. कडूबांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचं डोकं एका बाजूला कललेलं होतं, मागून येणारा काहीतरी आवाज ते ऐकत होते. फाट्यापर्यंत गेले, वळवली, वेग वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. मग बरोबर पारासमोर, सावलीत मोकळी जागा होती म्हणून, गाडी थांबवून खाली उतरले.

"नोका घेऊ, बाई."

पारापाशी वाट पाहत थांबलेले भाऊराव चपापले. "काऊन? इंजिन तं घड्याळासारखं चालते."

"इंजिन चांगलं हाय. मागच्या चाकाचा धुरा गेला. वेग सोडला का रडते. यात तेल नाही पाह्यलं तुमी, दोन-तीन वर्षं तं नक्कीच. आज नाही बसनार, पन शेताच्या वाटेनं सहा महिन्यात बसते. अन् बाई एकल्या राह्यतीन रस्त्यात."

"लोकाईसमोर बोलाची गरज होती काय?" भाऊराव म्हणाले. "बाजूले घेऊन सांगाचं होतं."

"मागं एक डाव हळू बोललो होतो," कडूबा म्हणाले. "त्याचं काय झालं ते या गावाले मालूम हाय."

उत्तमराव पुढे आले, मागचं दार उघडून उभे राहिले आणि खालच्या आवाजात अन्नपूर्णेला म्हणाले, "उतर. घरी चाल."

अन्नपूर्णेनं मोडका हात मांडीवर नीट घेतला. "मी नाही उतरत," ती म्हणाली, आणि पारावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात पुढे म्हणाली, "त्या दिवशी याइले असंच चालवू देलं असतं तं माहा हात सरळ राह्यला असता."

उत्तमराव दाराला हात लावून तसेच उभे होते. कडूबांनी त्यांना सांगितलं, "पाटील, सरका जरासे. दार लावाचं हाय." ते सरकले. कडूबांनी दार लावलं, पुढे जाऊन बसले आणि आम्हां दोघींना वाड्यापर्यंत सोडलं, वेग न वाढवता, कारण तो धुरा खरोखरच रडत होता.