धुराची गाडी आणि दादाचा हट्ट

दादा गेल्याचा फोन राजू भैयाने केला. सकाळची साडेसातची वेळ, मी नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं. "दीदी, दादा नहीं रहे," एवढं बोलून तो रडायलाच लागला. मी रडले नाही. गॅस बंद केला, आणि मनात पहिला विचार आला तो असा की, म्हणजे हा वादही शेवटी त्यानेच जिंकला, आणि आता कायमचा. सख्खा मोठा भाऊ गेल्यावर बहिणीच्या मनात असलं काही यावं याची लाज वाटायला हवी होती... वाटली नाही. आज पाच आठवडे झाले, अजूनही वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मधुकरदादाबद्दल तसं लिहिणारे जबलपुरात पुष्कळ निघतील, कारण अर्धं शहर त्याचं मित्र होतं. मी त्याची धाकटी बहीण आहे आणि मला त्याचा राग आलेला आहे, तेव्हा मी रागातच लिहिणार.

वाद होता गाडीचा, आणि तीही खेळातली. हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी गाडी. या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एकीत मुठीत मावेल एवढं खरं इंजिन असतं. त्यात स्पिरिट, तेल आणि नायट्रो नावाचं रसायन मिसळलेलं इंधन ओतायचं, दोरी ओढून ते सुरू करायचं, मग ती कर्कश ओरडत, निळा धूर ओकत सुटते. दुसरीत बॅटरी आणि मोटर. बटण दाबलं की पळते. धूर नाही, वास नाही, शेजारी भांडायला येत नाहीत. दादाने उभा जन्म कारखान्यात मोठ्या गाड्यांची इंजिनं जोडण्यात घालवला होता, त्यामुळे निवृत्तीनंतर त्याला पहिल्या प्रकारचं वेड लागलं यात नवल नाही. पण स्वतःपुरतं वेड ठेवेल तर तो दादा कसला? दर रविवारी सकाळी पाटन रोडवरच्या एका पडीक मैदानात चुन्याच्या रेघा मारून, जुने टायर मांडून पाच-सहा टकले, पिकलेले बाप्ये जमायचे, आणि दादा त्यांचा महंत होऊन खुर्चीवर बसायचा. राजू भैयाचं घमापुरात खेळणी दुरुस्त करायचं दुकान, म्हणून तो या महंताचा दिवाण.

तिथे कुणी नवा माणूस आला आणि त्याने भाबडेपणाने विचारलं की बॅटरीवाली घ्यावी की नायट्रोवाली, की संपलंच. प्रश्न शहाणपणाचा असायचा. त्या माणसाला फ्लॅटमध्ये राहायचं असतं, हवा-इंधनाचे स्क्रू पिळत बसायला वेळ नसतो, घरात लहान बाळ असतं. यातलं दादा काही विचारत नसे. तो आपली गाडी त्याच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "ओढ दोरी. तीन वेळा." तीन ओढींत इंजिन सुरू झालं तर तो माणूस नायट्रोचा. नाही झालं तर, "चलो, जा मग. बाजारातून बॅटरीचं खेळणं आण अन् पोरीबाळींसंग खेळ." तीन ओढींत थंड इंजिन त्याचं त्यालाही कधी सुरू करता येत नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे. चांगली चांगली माणसं तोंड पाडून परत गेली. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मोटर कशी चालते हे हजारभर मुलांना समजावलं. मी एकदा मैदानावर बॅटरीची बाजू मांडायला गेले, तर मला म्हणाला, "सुषमा, तू फळ्यावर गाडी चालव." सगळे हसले, राजू भैयासुद्धा.

घरात तर वहिनीचे हाल विचारू नका. अडकलेलं इंजिन मोकळं व्हायला गरम करावं लागतं म्हणून हा माणूस ते पोळीच्या तव्यावर ठेवायचा, आणि त्याच तव्यावरची पोळी खाताना पोळीला वास येतो म्हणून कुरकुर करायचा. इंधनाचे डबे फ्रिजशेजारी. एका गोष्टीत मात्र त्याने कधी कसूर केली नाही. गाडी पळवून झाली की टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची, नळीत उरलेलं इंजिनात जाळून टाकायचं, मग तेलाचे दोन थेंब सोडून, पुसून, गाडी कपाटात. नाहीतर इंजिन आतून गंजतं म्हणे. वहिनीची रक्तदाबाची गोळी आणायला विसरेल, लग्नाचा वाढदिवस विसरेल, हे कधी विसरायचा नाही. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "ताई, मी इंजिन असती तर बरं झालं असतं."

मग त्याची छाती वाजायला लागली. चाळीस वर्षांच्या सिगरेटी आणि वर हा निळा धूर. डॉक्टरांनी फोटो दाखवले, आणि मी समोर होते म्हणून सांगते, त्यांनी नीट बोटांवर मोजून सांगितलं, "सिगरेट बंद, उदबत्ती बंद, आणि ती गाडी बंद." सिगरेट दादाने त्याच दिवशी सोडली. खिशातलं पाकीट डॉक्टरांच्या टोपलीत टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही. गाडी सोडली नाही. माझ्या रागाचं मूळ इथे आहे. ज्याला काहीच सोडता येत नाही त्या माणसाची कीव करता येते. याला सोडता येत होतं... याने निवडलं.

मी भाऊबीजेची वाट पाहिली. ओवाळायला त्याच्या घरी कांचघरला गेले ती एक खोकं घेऊनच. ओवाळलं, आणि त्याने तबकात पाकीट टाकायच्या आत ते खोकं मीच त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यात बॅटरीवर पळणारी गाडी होती, चांगली, दणकट, राजू भैयाकडून चौकशी करून आणलेली. म्हटलं, "दादा, यंदा मला ओवाळणी नको. एवढंच दे. आजपासून तू ही चालवायची, ती धुराची नाही." आणि सवयीने शिकवायलाही लागले की बॅटरी कधी पूर्ण संपू द्यायची नाही, नाहीतर फुगते, अर्धी भरून ठेवायची. तो ऐकत नव्हता. खोकं हातात फिरवून वहिनीला म्हणाला, "पाहा वो, माह्या बहिणीनं मले खुळखुळा आणला." मग उठला, कपाटातून आपली नायट्रो काढली, जिन्यावर दर मजल्याला थांबत, धापा टाकत तीन मजले खाली गेला आणि गल्लीत ती सुरू केली. अकराव्या ओढीला. मी वरून मोजत होते. धूर खिडकीपर्यंत आला, खाली तो खोकत होता आणि कोपऱ्यावरची माणसं टाळ्या वाजवत होती. मी निरांजन तसंच जळत ठेवून घरी निघून आले. जिन्यात भेटला तेव्हा त्याला सांगितलं, "मर मग." हो, मी असं म्हणाले. सणाच्या दिवशी.

त्यानंतर साडेचार महिने आम्ही बोललो नाही. फोन जो करेल तो हरला, असा अलिखित नियम होता आणि आम्ही दोघंही एकाच आईची मुलं. मी राहते त्या घमापुरला भाजी मिळत नाही असं नाही, पण दर बुधवारी सकाळी मी मुद्दाम कांचघरच्या बाजारात जायची, त्याच्या इमारतीखालून, पिशवी हलवत, मान दुसरीकडे वळवून. तो दिसावा म्हणून नव्हे. मी वर येत नाही हे त्याला दिसावं म्हणून. साठी उलटलेल्या बाईने करायचं काम नव्हे ते, पण केलं.

मार्चमध्ये वहिनीचा फोन आला की दवाखान्यात ठेवलंय, या. गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हात काटक्यांसारखे. मला पाहिलं आणि मास्क बाजूला सारला. मला वाटलं, आता हा माणूस निदान एक वाक्य तरी नीट बोलेल. तो म्हणाला, "तुही बॅटरी फुगली." बस. साडेचार महिन्यांनी, मरणाच्या दारात, हा टोमणा. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "खोक्यात ठेवून फुगली असेल. वापरली असतीस तर नसती फुगली." तो काहीतरी बोलायला गेला, उबळ आली, नर्सने मास्क परत लावला आणि मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजू भैयाचा फोन.

तेराव्यानंतर वहिनीने ते खोकं माझ्या हातात दिलं. "ताई, हे तुमचं. घेऊन जा." मी न उघडताच घमापुरला राजू भैयाच्या दुकानात नेऊन टाकलं, म्हटलं कुणाला तरी देऊन टाक. त्याने उघडलं. बॅटरी खरंच पुरीसारखी टम्म फुगली होती. पण माझं लक्ष चाकांकडे गेलं. नवीन टायरवर रबराचे काटे असतात. इथे एकही काटा शिल्लक नव्हता, चारही चाकं गुळगुळीत. मी राजू भैयाकडे पाहिलं तर तो स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. "दीदी, ये रखे-रखे नहीं फूली। दादा रोज चलाते थे। और चला के पूरी खाली कर देते थे, स्विच चालू छोड़ के, आखिरी बूँद तक। मैंने कितना समझाया। बोले, टंकी में माल छोड़ के गाड़ी नहीं रखते।" भाऊबीजेच्या तिसऱ्याच दिवसापासून चालवत होता म्हणे. नायट्रोला परत हात लावला नाही. आणि सुषमाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील, अशी शपथ घातली होती.

म्हणजे दवाखान्यात तो टोमणा नव्हता. तक्रार होती. माझी गाडी वापरणाऱ्या माणसाची, गाडी देणाऱ्या बाईकडे केलेली साधी तक्रार, की बॅटरी फुगली, दुसरी आण. आणि मी त्याला काय उत्तर देऊन आले... हे कळल्यावर राग जातो असं लोक मला सांगतात. माझा वाढला. साडेचार महिने हा माणूस माझं ऐकत होता आणि मला त्याने रागात जळू दिलं. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचं मला कळू दिलं नाही. राजू भैयालाही मी त्या दिवशी दुकानात उभी राहून वाट्टेल ते बोलले. माझं बोलून संपल्यावर त्याने चहा मागवला.

परवा वहिनीने बोलावलं होतं. गच्चीला पावसाळ्याच्या आत वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं, माणसं येणार, तुम्ही सोबत असा. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्ची दहा पायऱ्यांवर. दार उघडलं तर सगळ्या सिमेंटवर चाकांचे काळे पट्टे. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, वाळवणाच्या तारांखालून, परत टाकीला वळसा, शेकडो वेळा, एकावर एक. खाली मैदानावर जायची ताकद उरली नव्हती तेव्हा इथे चालवायचा. कठड्याजवळ त्याची लोखंडी खुर्ची अजून होती. तिच्यावर बसल्यावर पट्टे सगळे पाठीमागे येत होते आणि समोर फक्त रस्ता.

"इथून बाजार दिसते ना," वहिनी म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी टाकीकडे तोंड करून बसत. बुधवारी इकडे. तुम्ही दिसल्या की गाडी थांबवत, म्हणत, ते पाहा, चालली महामाया, मान वाकडी करून."

मला त्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली. म्हटलं, "वहिनी, फोन नव्हता करायचा, नसता केला. पण दिसत होती ना मी? एक हाक काहून नाही मारली त्यानं?"

त्या कठड्यावर पडलेली वाळकी पानं गोळा करत होत्या. "मी मारते म्हटलं तर रागवत. तू मधात नको पडू म्हणत, माही बहीण आहे, मी मारतो." मग पानं मुठीत घेऊन त्या माझ्याकडे वळल्या. "मारत होते ना, ताई. दर बुधवारी मारत होते. खालपर्यंत पोचत नव्हती."